थांबणाऱ्यांचा बाक

कवळीताईचा प्रार्थनाघराच्या थोरल्या पाळकांवर दात होता. आणि निम्म्या गावाच्या तोंडात दात बसवणाऱ्या बाईने एखादा दात स्वतःसाठी राखून ठेवला, तर त्यात नवल ते काय.

तिची कामाची जागा म्हणजे दातांच्या दवाखान्यामागची एक लांबट खोली. खिडकीखाली ओटा, ओट्यावर प्लॅस्टरचे जबडे वाळत ठेवलेले, एका डब्यात गुलाबी मेण, दुसऱ्यात सुटे दात, आणि सगळ्यावर पांढरी धूळ, तिच्या भुवयांसकट. डॉक्टर ठसा घेऊन पाठवायचे, ती कवळी घडवायची, आणि नीट बसली की नाही हे बघायला गिऱ्हाइकाला समोर बसवून बोलायला लावायची. नुसतं 'आ' करून कवळी कळत नाही. फ आणि व म्हटले की वरचे दात ओठाला टेकतात का ते कळतं. स आणि श म्हटले की शिट्टी वाजते का ते कळतं. ल, र, ट म्हटले की जिभेला हलायला जागा राहिली का ते. तिने ही सगळी अक्षरं गुंफून एक माळच केली होती: "फसाव शासफी, लतारी टलशा." दिवसभर त्या खोलीतून म्हातारी माणसं हेच म्हणताना ऐकू यायची, आणि नवखा माणूस दारातच थबकून आपण बरोबर ठिकाणी आलो ना, म्हणून पाटी पुन्हा वाचायचा.

प्रार्थनाघर तिथून दोन गल्ल्या सोडून होतं, आणि तिचं सगळं वैर तिथलं होतं.

हे वैर समजायचं तर त्या घराची कुळकथा ऐकावी लागेल. पवित्र शास्त्रात आहे, की पेन्टेकॉस्ट नावाच्या सणाच्या दिवशी शिष्यांवर देवाचा आत्मा उतरला आणि ते कधी न शिकलेल्या भाषा बोलू लागले. देशोदेशीच्या लोकांना ते बोलणं ज्याच्या त्याच्या भाषेत ऐकू आलं. त्याला युगं लोटली. मग गेल्या शतकाच्या तोंडाशी जगात ठिकठिकाणी, भाड्याच्या खोल्यांतून, जुन्या तबेल्यांतून, साधीसुधी माणसं प्रार्थनेला बसली आणि त्यांच्या तोंडून पुन्हा अनोळखी भाषा येऊ लागली. त्यांना वाटलं, शेवटचे दिवस जवळ आले, देवाला घाई आहे, म्हणून त्याची वार्ता घेऊन परदेशी जाणाऱ्या सेवकांचा भाषा शिकण्याचा वेळ तो वाचवतो आहे. कितीतरी जण घरदार मोडून बोटीत बसले.

या प्रार्थनाघराचा मूळपुरुष त्यांतलाच. गोदीत वजनकाट्यावर कारकून होता. एका संध्याकाळी त्याच्या तोंडून भाषा आली, आणि शेजारी बसलेला एक खलाशी म्हणाला, असंच काहीसं मी अमुक बेटांवर ऐकलंय. झालं. बायको आणि तान्ह्या पोराला सासुरवाडीला ठेवून हा गडी त्या बेटांवर उतरला, धक्क्यावर हात पसरून उभा राहिला आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत बोलत राहिला. लोक चांगले होते. गोळा झाले, नीट ऐकून घेतलं, एकमेकांकडे पाहिलं. शेवटी एका मासेवालीने त्याला दंडाला धरून सावलीत बसवलं आणि पाणी पाजलं. तिला वाटलं, बिचाऱ्याला ऊन लागलंय.

तो परत आला. बेटावरची माणसं गमावली, तरी तोंडातली भाषा काही गेली नव्हती. मग ही भाषा पृथ्वीवरची नसेल तर कुठली? स्वर्गदूतांची. दुसऱ्या देशांतून परतलेल्यांचंही थोडंफार असंच झालं. आणि स्वर्गाची भाषा ठरली, की कुठला खलाशी येऊन ती तपासणार?

त्याचा मुलगा म्हणजे थोरले पाळक. त्यांचं लहानपण गोदीवरच्या पोरांच्या वाकुल्या सोसण्यात गेलं. बापाची नक्कल करत ती पोरं मागे फिरायची. त्या पोरांचं उट्टं त्यांनी साऱ्या मंडळीवर काढलं. त्यांनी नियम घातला: अन्य भाषा हीच आत्म्याची खूण. भाषा आली तर आत्मा आला, नाही आली तर नाही आला, मग तुम्ही साधुसंत का असेना. ज्याला खूण नाही त्याने मागे, दाराजवळ, थांबणाऱ्यांच्या बाकावर बसायचं. कुणी बोलू लागलं की थोरले पाळक डोळे मिटून डोक्यावर हात ठेवायचे, ऐकायचे आणि निकाल द्यायचे. "ही खूण." किंवा, "ही खूण नव्हे."

आणि त्यांचा मुलगा, धाकटे पाळक, त्याने तर ढोल आणि माइक आणले आणि शनिवारी जीभ सैल करायचा वर्ग काढला. माझ्यामागून म्हणा, लाजू नका, येईल ते येऊ द्या.

कवळीताईची आई या सगळ्या इतिहासाचं एका वाक्यात लोणी काढायची. म्हणायची, आधी परदेशातली होती, मग स्वर्गातली झाली, आता माइकमधली आहे.

आई प्रार्थनाघराची फरशी पुसायची. जन्मभर पुसली. आणि जन्मभर थांबणाऱ्यांच्या बाकावर, खांबालगतच्या कोपऱ्यात बसली. तिच्यासोबत बसलेले एकेक करून पुढे सरकले. काहींना खरोखर काही झालं, काहींना बाक टोचला. सगळेच ढोंगी होते असं नाही हं. एका बसड्रायव्हरची विधवा बोलायला लागली की कवळीताईच्याही अंगावर काटा यायचा. आईच्या तोंडून मात्र शब्द फुटला नाही. दरवर्षी थोरले पाळक तिला पुढे बोलवायचे, डोक्यावर हात ठेवायचे, बोला बाई, म्हणायचे. ती गुडघ्यांवर गप्प. हुंदका यायचा, तेवढाच. "ही खूण नव्हे." मग ती उठायची, गुडघे झटकायची आणि जागेवर जायची.

लेक चिडायची, म्हणायची, बाकीच्यांसारखं बडबड ना काहीतरी. आई म्हणायची, जे येत नाही ते येतं कसं म्हणू? आणि तिचं स्वतःचं एक मत होतं, ते ती बादली पिळता पिळता सांगायची: त्या दिवशी चमत्कार जिभेचा झाला असं सगळे धरून चाललेत. पण ऐकणाऱ्याला आपापल्या भाषेत कळलं ना? मग चमत्कार कानाचा झाला. बेटावरच्या गोष्टीत तिला मासेवाली सगळ्यांत आवडायची. तिलाच काय ते कळलं, म्हणायची.

ती गेली तेव्हा कवळीताई थोरल्या पाळकांच्या दारात उभी राहिली. खूण नसलेल्याची शवपेटी सभागृहात आणत नसत. अंगणात प्रार्थना करून थेट दफनाला. तिने विनवलं की जी फरशी तिने पुसली तिच्यावर घटकाभर तिला ठेवू द्या. थोरल्या पाळकांना वाईट वाटत होतं, नाही असं नाही. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"नियम माझा नाही, मुली," ते म्हणाले.

पेटी अंगणात, सायकली लावायच्या जागेशेजारी ठेवली. प्रार्थना आटोपती घेतली, कारण ऊन फार होतं. कुणाची तरी सायकल पेटीवर कलंडली, ती कवळीताईने एका हाताने तोलून धरली आणि शेवटचं आमेन होईपर्यंत तशीच धरून उभी राहिली. त्या हाताला लागलेलं वंगण तिने साबणाने धुतलं, पण ते मनातून काही गेलं नाही.

वर्ष व्हायच्या आत ती स्वतःहून आईच्या जागेवर, खांबालगत जाऊन बसली. लोकांना भरून आलं. एका रविवारी ती उभी राहिली, डोळे मिटले, हात वर केले आणि म्हणाली, "फसाव शासफी, लतारी टलशा." मग तेच उलटं, मग मधूनच, मग रडवेल्या सुरात. कवळी तपासायची अक्षरं, दुसरं काही नाही. थोरले पाळक लगबगीने आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ही खूण," ते म्हणाले.

सभागृहात स्तुतीचा गजर झाला. कवळीताई पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि तिथून तिने मागचा रिकामा खांब पाहिला. खरं बोललेली बाई अंगणात आणि खोटं बोललेली पहिल्या रांगेत. हे ती त्यांना एक दिवस भर सभेत, ते सर्वांत उंचावर असतील तेव्हा, सांगणार होती. तेवढ्यासाठी ती तिथे टिकली.

पुढे तर गंमतच झाली. घराचा दुसरा नियम असा, की सभेत कुणी मोठ्याने अन्य भाषेत बोललं, तर तिचा अर्थ सांगणारा हवा. नाहीतर बोलणाऱ्याने गप्प बसावं. अर्थ सांगणारे आजोबा वारले, आणि थोरल्या पाळकांनी त्या कामी कवळीताईला नेमलं. ती सांगायची तेही शहाणपणाचंच सांगायची. सुनेला घालूनपाडून बोलू नका. छत गळतंय, आधी ते बघा. आत्म्याने तिच्या तोंडून मागच्या बाकावर एक पंखादेखील बसवून घेतला. रविवारी घरी जाताना तिला स्वतःचं हसू यायचं आणि थोडी भीतीही वाटायची. पण ती थांबली. प्रार्थनाघराची पंच्याहत्तरी जवळ येत होती, त्या दिवशी थोरले पाळक व्यासपीठावर मधोमध असणार होते.

आणि पंच्याहत्तरीच्या तोंडावर त्यांना झटका आला.

सूड शिळा होत नाही म्हणतात. पण ज्याच्यावर उगवायचा तो माणूस शिळा होतो, त्याचं काय करायचं? थोरल्या पाळकांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. डॉक्टरांनी घरच्यांना समजावून सांगितलं की त्यांना ऐकलेलं सगळं समजतं, मनात शब्दही असतील, पण तोंडापर्यंत येताना ते मोडतात. "गोमा," ते म्हणत. "तोरे. गोमा तोरे." पाणी हवं तरी तेच, उशी सरकवायची तरी तेच.

धाकट्या पाळकांनी डॉक्टरांचं ऐकलं आणि आपलं वेगळंच धरलं. ते कवळीताईच्या खोलीवर आले, जबड्यांच्या रांगेशेजारी स्टुलावर टेकले आणि म्हणाले की बाबांच्या तोंडात आता माणसाची भाषाच उरली नाही, एवढी शुद्ध खूण या घरात कधी झाली होती का? त्यांना ते खरंही वाटत होतं आणि सोयीचंही होतं. पंच्याहत्तरीच्या सभेत बाबा बोलतील, ताईंनी अर्थ सांगायचा. नव्या सभागृहाबद्दल बाबांच्या मनात बरंच होतं, तेही त्या अर्थातून यावं, हे त्यांनी जाता जाता ओट्यावर ठेवलं. आणि हो, चेहरा वाकडा झाल्यापासून कवळी बसत नाही, तेवढी नीट करून द्या. माइकवर खडखडते.

कवळीताईने हातातला जबडा खाली ठेवला. जन्मभराचं गिऱ्हाईक आपल्या पायांनी दुकानात चालून आल्यासारखं तिला झालं.

ती दुपारची त्यांच्या घरी गेली. थोरले पाळक खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होते. सून स्वयंपाकघरात भांडी लावत होती. कवळीताईने त्यांची कवळी काढून घेतली, हिरड्यांवर बोट फिरवून कुठे लागतंय ते पाहिलं, कानशीने दोन ठिकाणी घासून पुन्हा बसवली.

"बोला," ती म्हणाली. "स म्हणा."

"गोमा."

"बरं, मी म्हणते. फसाव शासफी, लतारी टलशा. आठवतं? कवळी तपासायची अक्षरं आहेत ती, पाळकसाहेब. गिऱ्हाइकांकडून रोज म्हणवून घेते. तुम्ही माझं डोकं धरून 'ही खूण' म्हणालात."

त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर थबकला. डोळे तिच्यावर खिळले. समजत होतं, सगळं समजत होतं.

"आणि जी खोटं बोलली नाही तिला सायकलींशेजारी ठेवलंत."

"तोरे," ते म्हणाले. मग जोरात, "गोमा तोरे, तोरे."

"स्तुती असो, बाबा," स्वयंपाकघरातून सून म्हणाली. भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

कवळीताईने ते त्यांना ऐकू येऊ दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. उघड्या तोंडी तोच मार कसा बसतो, हे ती पहिल्यांदा जवळून पाहत होती, आणि खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटत होतं. मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात सांगितलं की रविवारी तुम्ही काहीही बोला, अर्थ मी सांगणार. ती मनात तयार करून आली होती, ते तिने म्हणून दाखवलं: "मी देवाच्या घराची किल्ली माझ्या खिशात ठेवली. फरशी पुसणारी बाई आत होती, मी बाहेर होतो. तिची क्षमा मागतो, भर सभेत, गुडघे टेकता येत नाहीत म्हणून बसून." आवडलं का, असंही तिने विचारलं. त्यांच्या वाकड्या ओठाच्या कडेने लाळ ओघळली. कवळीताईने कानशी पुसून पिशवीत ठेवली आणि सुनेला सांगितलं, आता अजिबात खडखडणार नाही.

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल वाजले, मूळपुरुषाची गोष्ट सांगून झाली. त्यात बोट होती, धक्का होता, फक्त मासेवाली नव्हती. मग धाकट्या पाळकांनी खुर्ची मधोमध आणली. बाजूला कवळीताई उभी राहिली. वाक्यं पाठ होती. ढोल थांबले. माइक थोरल्या पाळकांच्या ओठांशी गेला.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं.

"बोला ना, बाबा," धाकटे पाळक म्हणाले.

ते बोलले नाहीत. कवळीताईने तो जबडा प्लॅस्टरमध्ये घडवला होता; कानाखालचा स्नायू कसा ताठतो ते तिला ठाऊक होतं. त्यांनी दातांवर दात घट्ट रोवले होते, आणि तिने झक्क बसवून दिलेली कवळी बेट्याच्या उपयोगी पडत होती. ढोलवाल्याने दोन ठोके मारून पाहिले. कुणीतरी खाकरलं. धाकट्या पाळकांच्या कपाळावर घाम आला, त्यांनी वडिलांच्या कानात काही सांगितलं, गालाला हात लावला. ओठ उघडले नाहीत.

पहिल्यांदा तिला संताप आला. म्हातारा झटका येऊनही निसटला. भाषाच नाही, तर अर्थ कसला सांगणार? ती सगळी जपून आणलेली वाक्यं वाया गेली.

पण शांतता लांबत गेली, आणि हळूहळू कवळीताईला ती ओळखीची वाटू लागली. ही शांतता तिने लहानपणापासून पाहिली होती. गुडघ्यांवर बसलेली, डोक्यावर हात असलेली, सगळं सभागृह वाट पाहत असतानाची. तिने धाकट्या पाळकांच्या हातातून माइक घेतला.

"या घरात जो बोलत नाही," ती म्हणाली, "तो कुठे बसतो?"

माइक परत देऊन तिने खुर्चीचा ब्रेक सोडला आणि उतरणीवरून, मधल्या वाटेने ती खुर्ची मागे ढकलत निघाली. धाकटे पाळक मागोमाग दोन पावलं आले.

"ताई, हे काय चाललंय तुमचं? बाबा आहेत ते."

"नियम माझा नाही," कवळीताई म्हणाली.

हे वाक्य तिने वर्षानुवर्षं तोंडात धरून ठेवलं होतं. खुर्चीतल्या माणसाची मान ते ऐकून एकदम खाली गेली, तेव्हा आपला नेम बसला हे तिला कळलं. मागच्या बाकावरच्या बायका एकमेकींना कोपरं मारत सरकल्या. खांबालगत जागा झाली. तिथे तिने खुर्ची लावली, ब्रेक दाबला. वर आत्म्याने बसवलेला पंखा फिरत होता.

तेव्हा थोरल्या पाळकांनी तोंड उघडलं. अगदी हळू, तिच्याचकडे पाहून ते म्हणाले, "गोमा."

ते पुढेही ऐकू गेलं. सगळ्या माना वळल्या. धाकट्या पाळकांचा आवाज आशेने चिरकला. "काय म्हणाले? ताई, अर्थ काय?"

सगळी वाक्यं तयार होती. आता हवं ते म्हणता आलं असतं; तीनशे माणसांनी मान तुकवली असती आणि आईचं नाव उद्या भिंतीवर लागलं असतं. कवळीताईने त्या म्हाताऱ्या डोळ्यांत पाहिलं. ती माफी असेल. शिवी असेल. चाकाखाली पदर अडकलाय तुझा, असंही असेल.

"मला कळत नाही," ती म्हणाली. "आधीही कळत नव्हतं."

सभागृहात कुजबुज उठली आणि पुढच्या रांगेपर्यंत पसरत गेली. पहिल्या रांगेतली तिची जागा रिकामी होती. तिकडे तिने बघितलंही नाही. ती थांबणाऱ्यांच्या बाकावर, खुर्चीला लागून बसली. शेजारच्या बाईने न विचारता तिच्यासाठी आणखी थोडी जागा केली. पुढे ढोल चाचरत सुरू झाले.

जरा वेळाने कवळीताई उठली, दाराजवळच्या पिंपातून पेलाभर पाणी घेऊन आली आणि थोरल्या पाळकांच्या चालत्या हाताशी बाकावर ठेवलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे. हात पेल्यापर्यंत गेला, पाणी थोडं मांडीवर सांडलं.

तिने पेला त्यांच्या तोंडाशी धरला नाही. तेवढा दात अजून होता.